दिवेलागणीची हजेरी

तुम्हा नातवंडांतला जो कायदा शिकतो, त्याने मागच्या आठवड्यात मला एक फोटो पाठवला. कुणाच्या तरी पायाचा. घोट्यावर काळं, जाडसर कडं आणि त्यात एक बारीक हिरवा दिवा. खाली त्याने लिहिलं होतं की आजी, आता प्रत्येकाला तुरुंगात टाकायची गरज उरणार नाही. हे कडं घातलं की माणूस आपल्या घरी राहतो, मुलांबरोबर जेवतो, आणि तो कुठे आहे हे पोलिसांना बसल्या जागी कळतं. पुढच्या काळातली पोलीसव्यवस्था अशी माणुसकीची असेल, असं त्याचं म्हणणं. शेवटी विचारलं होतं, तुला काय वाटतं?

फोनवर मी "बरं आहे" एवढंच म्हणाले. पण तो हिरवा दिवा काही डोळ्यांपुढून हलेना. म्हणून लिहायला बसले आहे. मला क्रमाने सांगायची सवय आहे, तेव्हा तुम्हीही क्रमाने वाचा. शेवट आधी बघू नका.

पोलीस ॲक्शन होऊन निजामी गेली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी लग्न होऊन पेडगावला आले. माझे वडील हैदराबादेत शिक्षक होते आणि त्यांनी मला इंग्रजी शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकवलं होतं. ते शिक्षण घेऊन मी अशा घरात आले, जिथे त्याचा उपयोग काय करावा हे कुणालाच कळेना, मलासुद्धा. मी मसाल्याच्या डब्यांवर इंग्रजीत चिठ्ठ्या चिकटवल्या. सासूबाई म्हणाल्या, "हळद काय वाचून टाकायची असती का ग?" तुमचे आजोबा हैदराबादेत नोकरीला होते, सणावाराला येत. घरात मी, सासूबाई आणि सासरे. सासरे गावचे पोलीस पाटील.

गावाबाहेर माळावर पारध्यांची पालं होती. सरकारचा तेव्हा एक कायदा होता, की काही जमाती जन्मानेच चोर. आज वाचताना तुम्हाला हे खोटं वाटेल, पण तो कायदा होता आणि राज्य बदललं तरी तो काही वर्षं तसाच राहिला. त्या जमातींतल्या प्रत्येक कर्त्या पुरुषाने रोज दिवे लागताना पोलीस पाटलापुढे येऊन तोंड दाखवायचं. दुसऱ्या गावाला जायचं तर पाटलाची चिठ्ठी घ्यायची. याला हजेरी म्हणत.

सासरे ओट्यावर खुर्ची टाकून बसत. समोर अंगणात माणसं उकिडवी. ते एकेकाचं नाव घेत आणि तो तो माणूस मान वर करून उत्तर देई. निजामीत "हाजिर सरकार" म्हणायचं असे. सासऱ्यांनी सांगितलं, आता "हजर" म्हणा. पण जिभेला राज्य बदललेलं लवकर कळत नाही. म्हातारे "हाजिर"च म्हणत, तरणे "हजर" म्हणत, आणि बाकीचे नुसतंच "हाय".

पुरुष पुढे अंगणात बसले की त्यांच्यातल्या एकाची बायको घराला वळसा घालून मागे परसाच्या कुडाशी येई. माझ्याच वयाची. कधी टोपलीत लाव्हरं, ती रानातली मातकट पाखरं, असत, कधी ओटीत तरोट्याची भाजी. पहिल्या दिवशीच तिने मला विचारलं, "धाकल्या बाई, तुमी विंग्रजी बोलता म्हणं. बोला की जरा."

मी शाळेत पाठ केलेलं काहीतरी म्हणून दाखवलं. तिने मान तिरकी करून ऐकलं. "लाव्हरी बी अशीच बोलती," ती म्हणाली. "कळत काई न्हाई, पन ग्वाड लागतं." मग तिने गळ्यातून लाव्हरीची शीळ काढली, आणि पलीकडच्या ज्वारीतून खरोखरच एका लाव्हरीने उत्तर दिलं. "बघा, तिला कळलं."

कुडाच्या आत मी आणि बाहेर ती. एवढं अंतर ठेवूनच बोलायचं, नाहीतर सासूबाईंची नजर यायची. पण महिन्यातले चार दिवस निराळे. त्या दिवसांत मी बाजूला बसायची, म्हणजे परसात गोठ्याला लागून एक छपरी होती तिथे. माझी ताटली लांबून सरकवायचे. मला कुणी शिवत नसे, मीही कशाला शिवायचं नाही. बाकीच्या सुना या दिवसांना कंटाळत. मी वाट बघायची. कारण ती कुडाच्या फटीतून आत यायची आणि म्हणायची, "आता तुमी बी आमच्यातल्या. सरका जरा." आणि अगदी लागून बसायची. "आमच्यात तर ह्याच्याहून लय कडक असतंय," असं सांगून मला धीर द्यायची.

त्या दिवसांत माझी वेणी तीच घालायची. पाखरं धरायचे फासे विणून तिच्या बोटांना घट्ट ओढायची सवय झाली होती. वेणी अशी बसे की झोपूनही सुटत नसे. पुढे ओट्यावर नावं पुकारली जात आणि इकडे माझ्या डोक्यात तिची बोटं फिरत.

एकदा वेणी घालता घालता तिने विचारलं, "तुमाला म्हायेरला जायाचं तर कुनाला इचारावं लागतं?"

"सासूबाईंना. त्या मामंजींना विचारतात."

"आन दिवे लागायला घरात दिसला न्हाईत तर?"

"मग काही खरं नाही."

ती टाळी देऊन हसली. "मंग तुमची बी हजेरीच की वो! फकस्त तुमचं नाव घेऊन हाक मारीत न्हाईत."

मी पण हसले. नंतर लक्षात आलं, की त्या घरात खरंच मला नावाने कुणी हाक मारत नव्हतं.

मग एके दिवशी परभणीहून हुकूम आला. संध्याकाळी सासरे बसले नाहीत, उभे राहिले. "उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले. "सरकारनं तो कायदाच काढून टाकला. हजेरी बंद. आता तुम्ही आम्ही सारखे."

कुणी उठेना. शेवटी एकाने विचारलं, "मंग मालक, उंद्या कवा यायचं?"

"यायचंच नाही."

"न्हाई, त्ये कळलं. पन कवा?"

सासऱ्यांना हसू आवरेना. त्या दिवशी माणसं उठून गेली ती मोठ्याने बोलत, एकमेकांच्या पाठीत थापा मारत. मागे कुडाशी ती नाचायचीच बाकी होती. मला आनंद झाला होता, अगदी खरा. फक्त रात्री भाकरी थापताना वाटलं, आता उद्या दिवे लागताना ती कशाला येईल?

ती आली. हजेरी नसली तरी येत राहिली, आणि आता नवऱ्याची हजेरी संपली की निघायची घाई नसल्यामुळे जास्त वेळ बसायला लागली. पण आणखी एक माणूस येत राहिला. तिचा म्हातारा सासरा.

दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांनी सवयीने ओट्यावर खुर्ची टाकली होती. म्हातारा अंगणात येऊन उकिडवा बसला. "हाजिर सरकार."

"अरे बाबा, बंद झाली ना!"

"तुमची झाली आसंल. माझं नाव घ्या फकस्त."

सासऱ्यांनी नाव घेतलं. म्हातारा समाधानाने उठून गेला. मग हे रोजचंच झालं. त्याचा मुलगा, म्हणजे माझ्या मैत्रिणीचा नवरा, चेष्टा करायचा, "सरकारनं सोडलं, पन आबा सरकारला सोडंनात." म्हातारा त्याला म्हणायचा, "लेकरा, आपल्याला कुनी बघितलेलं असलं म्हंजी बरं असतंय."

आम्ही सगळेच त्याला हसत होतो.

हनुमानाच्या देवळात सप्ताह होता तेव्हाची गोष्ट. सासूबाई आणि गल्लीतल्या साऱ्या बायका कीर्तनाला गेल्या होत्या. सासरे कामाने परभणीला. मी बाजूला बसले होते, त्यामुळे परसात एकटीच. गोठ्यामागच्या लिंबाला मोहोळ लागलं होतं आणि माश्या वासराला चावत होत्या. सासूबाईंनी ते काढायला सांगून ठेवलं होतं, म्हणून दिवे लागायच्या सुमाराला ती नवऱ्याला घेऊन आली. त्याने गोवरीचा धूर केला, झाडावर चढला आणि मोहोळातला मधाचा कांदा कापायला लागला, तेवढ्यात माश्या उठल्या. एक त्याच्या पापणीला डसली, एक माझ्या मनगटाला. तो झाडावरून अर्धा घसरत, अर्धा पडत खाली आला. ती पोट धरून हसली. "बगा, मोठा शिकारी! डुकराला भ्यायला न्हाई आन माशीनं पाडला!"

पळसाच्या पानावर कांदा ठेवून आम्ही तिघं मध खात होतो, तेव्हा घराच्या पुढच्या बाजूने आवाज आला, "हाजिर सरकार." ओट्यावर कुणीच नव्हतं. म्हातारा रिकाम्या खुर्चीपुढे हजेरी देत होता. तिने माझ्या सासऱ्यांचा घोगरा आवाज काढून मागूनच ओरडून सांगितलं, "बरं बरं, जा आता!" आणि आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो.

त्याच वेळी शेजारच्या गावात एक घर फुटलं. घरची माणसं कीर्तनाला गेली होती. चांदीचे दागिने आणि भांडी गेली.

सकाळी ठाण्यातला जमादार शिपाई घेऊन पालांवर आला. पुढचं सगळं तिनेच मला सांगितलं, कुडाला धरून, धापा टाकत. जमादाराने तिच्या नवऱ्याचा सुजलेला डोळा बघितला. "हे कशानं?" "माशी डसली." "माशी का काठी?" मग विचारलं, "काल दिवे लागायला कुठं होतास?" तो म्हणाला, पाटलाच्या परसात. जमादार हसला. "कशाला? तुझी हजेरी तर बंद झाली." आणि दंडाला धरून उठवताना म्हणाला, "तुझी बंद झाली असंल. आमची न्हाई."

"बाई," ती म्हणाली, "ठाण्यात नेल्यावर काय करत्यात तुमाला म्हाईत हाय. कबूल म्हनस्तवर सोडीत न्हाईत. माझं कोन ऐकंल? चोराची बायकू. तुमी बघितलंय. तुमी एकट्यांनीच बघितलंय."

पुढे ओट्याखाली म्हातारा बसला होता. कुणी जवळ गेलं की नुसतं वर बघायचा.

तोपर्यंत मी सासऱ्यांशी समोर उभी राहून एक वाक्य बोलले नव्हते. जे सांगायचं ते सासूबाईंमार्फत. त्या दिवशी मी अजून बाजूलाच होते, म्हणून परसदाराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि आतल्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मामंजी, तो माणूस काल इथे होता. मी पाहिलंय. मी सांगेन."

सासूबाई कपाळाला हात लावून उठल्या. "पाटलाची सून कोर्टात? आन सांगनार काय, कुठं बसली हुतीस ते? चार बाप्यांसमोर?"

सासऱ्यांनी त्यांना हाताने थांबवलं. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "सूनबाई, वकील हेच विचारेल. घरचे सगळे कीर्तनाला, मग तू एकटी परसात का? काय उत्तर देशील?"

"जे आहे ते."

त्यांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला, पुन्हा डोक्याला घातला. "इतकी वर्षं ह्या लोकांची साक्ष मीच होतो," ते म्हणाले. "हजेरीला होता म्हटलं की ठाणं गप बसायचं. हजेरी गेली हे बरंच झालं. पण त्या जागी दुसरं काही ठेवायचं सरकारला सुचलं नाही." मग सासूबाईंकडे वळून, "तारीख लागली की दमणी जुंपायची. मी नेतो तिला."

त्याच दिवशी ते ठाण्यात जाऊन सांगून आले. तिथे त्यांना चहा मिळाला आणि "कोर्टात बघू" असं उत्तर मिळालं.

तारखेला त्याला कोर्टात आणलं तेव्हा डोळ्याची सूज उतरली होती, पण तो टाच टेकवत नव्हता. ती बाहेर पिंपळाच्या पाराखाली बसली होती. मला दमणीतून उतरताना बघून उठली नाही, हात जोडले नाहीत. माझ्याकडे बघून लाव्हरीसारखी एकदाच, हळू शीळ घातली.

मॅजिस्ट्रेट नवे होते, मद्रासकडचे. विलीनीकरणानंतर असे बरेच अधिकारी बाहेरून आले होते. त्यांना मराठी येत नव्हतं. वकिलाने मराठीत विचारायचं, मी मराठीत सांगायचं, आणि पेशकाराने, म्हणजे कोर्टाच्या कारकुनाने, साहेबांना इंग्रजीत समजावायचं अशी रीत. पेशकार वयस्कर, उर्दू दफ्तरात मुरलेले. मोहोळापर्यंत सगळं नीट झालं. मग सरकारी वकिलाने डोळे बारीक करून विचारलंच, "घरातली सगळी मंडळी कीर्तनात असताना, पाटलांच्या सूनबाई दिवेलागणीला परसात एकट्या काय करत होत्या?"

मागे कुणीतरी खाकरलं. मी सांगितलं, मी बाजूला बसले होते.

पेशकारांनी खाली बघितलं. टाक दौतीत बुडवला, झटकला, पुन्हा बुडवला. त्यांच्याच्याने ते वाक्य साहेबांना सांगवेना. साहेब वाट बघत होते. वकील मिशीत हसायला लागला, म्हणजे उत्तर नाही असं ठरत होतं.

तेव्हा मी साहेबांकडे वळले आणि इंग्रजीत सांगितलं. बाईला दर महिन्याला काय होतं, आमच्या घरात त्या दिवसांत तिने कुठे बसायचं असतं, आणि म्हणून त्या संध्याकाळी मी तिथे होते. दुसरीकडे कुठे असणं शक्यच नव्हतं. इंग्रजीत मला ते म्हणता आलं. ज्या भाषेत लहानपणी कुणी आपल्याला "गप, हळू बोल" म्हटलेलं नसतं, त्या भाषेत लाज तेवढी बोचत नाही.

साहेबांनी मान वर न करता लिहून घेतलं. मग एकच विचारलं, त्याचा चेहरा नीट पाहिला होता का? मी म्हटलं, पाहिला. त्याला माशी डसली ती पापणी डावी होती, आणि दुसरी माशी मला इथे डसली. मी मनगट पुढे केलं. आता तिथे काहीच दिसत नव्हतं, तरी त्यांनी वाकून बघितलं.

तो सुटला.

परतताना सासरे दमणीत पुढे बसले होते, माझ्याकडे पाठ करून. मला वाटलं, आता हे माझ्याशी कधीच बोलणार नाहीत. गाव दिसायला लागल्यावर त्यांनी एका विहिरीशी बैल थांबवले, स्वतः उतरले, तांब्या भरून आणला आणि माझ्या हातात दिला. हातात, खाली ठेवला नाही. एवढंच.

मला वाटलं होतं, आता पूर्वीसारखं होईल. ती येईल, वेणी घालेल, पुढे म्हातारा "हाजिर" म्हणेल. थोडे दिवस तसं झालंही. मग एका संध्याकाळी सासरे खुर्ची टाकून बसले आणि म्हातारा आलाच नाही.

ती आली. मी त्या दिवशी बाजूला नव्हते, घरातच होते, म्हणजे तिने मला शिवायचं नव्हतं. तरी तिने कुडावरून हात आत घालून माझा हात धरला.

"चाललो बाई."

"कुठे?"

"गंगंकडं. सोनपेठच्या अंगाला." गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात.

"चिठ्ठी घेतली का?" माझ्या तोंडून सवयीने गेलं.

ती हसली. "आता कुठली चिठ्ठी!"

"पण का? तो सुटला ना!"

"सुटला म्हनूनच. जमादाराला आमच्या पालाची वाट म्हाईत झालीया. शिवारात काईबी गेलं की त्यो आधी हितंच येनार. आन दर बारीला तुमी बाजूला बसलेल्या थोड्याच असनार?"

मी मॅट्रिक होते, कोर्टात इंग्रजीत बोलले होते, आणि तिला इथेच थांब म्हणायला माझ्याजवळ एकही कारण नव्हतं.

ती कुडाच्या फटीतून आत आली. मला खाली बसवून माझी वेणी सोडली आणि नव्याने घातली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी बघितलं. काहीतरी बोलतील म्हणून मी अंग चोरून बसले, पण त्या आत गेल्या आणि जरा वेळाने कढईत डाव जोरात आपटल्याचा आवाज आला. "रागवल्या का वो?" तिने विचारलं. "नाही," मी म्हटलं. "त्यांचा राग इतका हळू नसतो."

वेणीची गाठ मारून ती उठली. "तुमची हजेरी सुटली की या सोनपेठला. बाजाराच्या दिशी असते मी."

माझी हजेरी सुटायला बरीच वर्षं लागली. एसटी सुरू झाल्यावर कधी नणंदेकडे, कधी लग्नाला म्हणून सोनपेठला जाणं झालं, आणि प्रत्येक वेळी मी बाजाराचा दिवस साधायची. तुमच्या वडिलांना कडेवर घेऊन मी त्या बाजारात लाव्हरं विकणाऱ्या बायकांच्या रांगेपुढून फिरले आहे. एकदा एकीला विचारलंसुद्धा. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सावध होऊन म्हणाली, "कशापायी इचारता? काय गेलंय का तुमचं?"

"काही गेलं नाही," मी म्हटलं. मी तिच्याकडून लाव्हरांची एक जोडी घेतली आणि बाजाराबाहेर येऊन सोडून दिली. ती पाखरं ज्वारीत घुसली आणि गप्प झाली. मला शीळ घालता येत नाही.

पेडगावला सासरे बरीच वर्षं दिवे लागताना खुर्ची टाकून बसत. लोकांना वाटे, हवा खायला बसलेत.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुरुंगापेक्षा घर बरं, यात शंका नाही. हजेरी वाईटच होती. जन्माला आला म्हणून माणसाला रोज मोजायचं, याहून वाईट काय असेल? ती पुन्हा यावी असं मी कधी म्हणणार नाही, तिची आठवण माझ्या सर्वांत चांगल्या संध्याकाळींत मिसळलेली असली तरी. पण तुझ्या त्या कड्यावरून माणूस कुठे आहे तेवढं कळेल. तो तिथे बसून मध खातो आहे, डोळा माशीने सुजला आहे, हे कोण सांगेल? आणि कडं काढल्यावर पहिली चोरी झाली की कुणाच्या दारात जातील? तुमच्या पुढच्या काळात याची काय सोय केली आहे, ते मोठ्या माणसांना विचारून मला लिही. घाई नाही, पण लिही.

इकडे दिवे लागले आहेत. केस आता मूठभरही उरले नाहीत, तरी या वेळेला मी वेणी सोडून पुन्हा घालते. माझ्या हातून ती सैलच बसते.